जिंकल्यानंतरचा वेलिंग्टन



नारायणगडाला आपण धाकटी पंढरी म्हणतो. इथे कीर्तन रंगते, इथे अभंग घुमतो. अशा जागी एका इंग्रज पंतप्रधानाच्या स्वभावाची आणि त्याच्या युरोपातल्या राजकारणाची चर्चा कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की हा माणूस आपल्याला वाटतो तितका परका नाही. १८२८ साली इंग्लंडचा पंतप्रधान झालेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन हा १८०३ साली आर्थर वेलस्ली नावाचा चौतीस वर्षांचा सेनापती होता, आणि त्या वर्षी तो आपल्याच मुलखात होता. अहमदनगर, औरंगाबाद, जालना, अजिंठा, परांडा. वॉटर्लू त्याने नंतर जिंकले, असई आधी. असई आपल्या जालना जिल्ह्यात आहे.

म्हणून आज आपण एवढेच करणार आहोत. दख्खनमधला वेलस्ली आणि युरोपातला वेलिंग्टन, दोघांना शेजारी उभे करायचे आणि विचारायचे, हा माणूस कसा होता? त्याने युरोपला जे दिले ते आपल्याला का दिले नाही?

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. परक्या राज्यकर्त्याची पारख करताना आपल्याकडे दोन सवयी आहेत. एक जुनी, साहेबाच्या क्रमिक पुस्तकातली, की मोठा सेनापती, मोठा माणूस, नमस्कार करा. दुसरी नंतरची, की शत्रू होता ना, मग त्याचे गुण कशाला मोजायचे? दोन्हींत एक सोय आहे, विचार करावा लागत नाही. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. आम्हाला तिसरी वाट धरावी लागते. गुण गुण म्हणून मोजायचा आणि मग विचारायचे, तो कोणाच्या कामी आला?

आता १८०३ कडे जाऊ. पण त्याच्याही आठ वर्षे मागे एकदा डोकावू, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. ११ मार्च १७९५. खर्डा. इथून फार लांब नाही, जामखेड तालुक्यात. मराठ्यांनी निजामाला हरवले. मराठी सरदारांनी एका झेंड्याखाली जिंकलेली ही शेवटची मोठी लढाई. तहात काय घेतले? सुमारे तीन कोटी रुपयांचे येणे कबूल करून घेतले, दौलताबादसह मुलूख घेतला, आणि निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क याला ओलीस म्हणून पुण्याला नेले. विजयाचा आनंद मोठा होता. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, पुण्यात गादीचा घोळ सुरू झाला, मुशीर-उल-मुल्क सुटला, तहाची बरीच कलमे कागदावरच राहिली. निजामाने मात्र अपमान लक्षात ठेवला. आधी रेमंडच्या फ्रेंच पलटणी वाढवल्या, आणि १ सप्टेंबर १७९८ रोजी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. खर्डा हे त्याचे एकमेव कारण नव्हते. पण जिंकल्यावर हरलेल्याचे काय करायचे, याचा विचार खर्ड्यावर झाला नाही, एवढे म्हणता येते. आठ वर्षांनी वेलस्ली या भागात उतरला तेव्हा त्याच्या पाठीशी निजामाचा मुलूख होता.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. मे १८०३ मध्ये वेलस्लीच्या फौजेच्या आधाराने तो पुन्हा गादीवर बसला. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना हे मान्य होणे शक्य नव्हते. ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. ८ ऑगस्टला वेलस्लीने अहमदनगरची पेठ घेतली, १२ ला किल्ला. २३ सप्टेंबरला असई. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज, जवळपास शंभर तोफा. वाटाडे म्हणाले, नदीला उतार नाही. वेलस्लीने पाहिले, दोन काठांवर दोन गावे समोरासमोर आहेत. येणेजाणे असल्याशिवाय अशी गावे वसत नाहीत, म्हणजे उतार असणारच. आणि होता. साधा तर्क आहे, पण तो करायला माणसांचे जगणे बघावे लागते. लढाई त्याने जिंकली, मात्र त्याच्या छोट्या फौजेतली दीड हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. मराठी गोलंदाज तोफांपाशी मरेपर्यंत उभे राहिले. म्हातारपणी त्याला विचारले, तुमचे रणांगणावरचे सर्वांत चांगले काम कोणते? तो वॉटर्लू म्हणाला नाही, असई म्हणाला.

मग २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह, ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. चार-साडेचार महिन्यांत सगळे उरकले. भोसल्यांचा कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. शिंद्यांचा गंगा-यमुनेचा दोआब, भडोच, अहमदनगर गेले.

इथपर्यंत लढाया झाल्या. आता माणूस बघू. त्याच्या दख्खनमधल्या वागण्यातल्या तीन-चार गोष्टी आम्हाला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, धान्य. त्याची फौज चालली ती बंजाऱ्यांच्या बैलांवर. इंग्रजी कागदांत त्यांना ब्रिंजारी म्हणतात. आपल्या जिल्ह्यात ज्यांचे तांडे आजही आहेत, त्यांचेच हे पूर्वज. दाणागोटा रोख पैसे देऊन घ्यायचा आणि लूट करणाऱ्या शिपायाला फाशी द्यायची, हा त्याचा नियम. यात दया किती आणि हिशेब किती, त्याकडे आपण पुढे येऊ.

दुसरी, दुष्काळ. १८०३-०४ साली दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. पाऊस हे एक कारण, पण आधी होळकर-शिंद्यांच्या आणि नंतर इंग्रजांच्या फौजांनी खाऊन टाकलेला मुलूख हे दुसरे. अहमदनगरला माणसे मरत होती. वेलस्लीने कामे काढली. त्याचे म्हणणे असे की दुष्काळग्रस्तांचे दोन वर्ग करा. जे काम करू शकतात त्यांना काम द्या आणि त्याचा मोबदला द्या, जे करू शकत नाहीत त्यांना अन्न द्या. बीडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. बहात्तरच्या दुष्काळातल्या खडी फोडण्याच्या कामापासून रोजगार हमीपर्यंत हाच विचार आपल्या दारात आलेला आहे.

तिसरी, एक पोर. १८०० साली कर्नाटकात धोंडिया वाघाचा त्याने पाठलाग केला, त्यात धोंडिया मारला गेला. सामानसुमानात त्याचा लहान मुलगा सापडला, सलाबतखान. वेलस्लीने त्याला सांभाळले आणि देश सोडताना त्याच्यासाठी पैसे ठेवून गेला. हे कोणाला दाखवायला केलेले नव्हते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, ग्वाल्हेरचा वाद. सुर्जी-अंजनगावच्या तहात एक कलम संदिग्ध राहिले होते. गव्हर्नर जनरल, म्हणजे आर्थरचा थोरला भाऊ रिचर्ड वेलस्ली, म्हणू लागला की त्या कलमाने ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना मिळत नाही. शब्दाचा कीस काढला तर त्याचेही बरोबर होते. पण तह ज्याने बसून केला तो धाकटा भाऊ काय म्हणाला? मार्च १८०४ मध्ये त्याने जॉन माल्कमला पत्र लिहिले. त्याचा आशय असा की शब्दाचे पक्के असण्याची आमची जी पत आहे, ती राखण्यासाठी मी ग्वाल्हेरच काय, हिंदुस्थानची प्रत्येक सरहद्द दहादा सोडून देईन. म्हणजे समोरच्याने तह करताना काय समजून सही केली, हे मोजले पाहिजे. भावाने ऐकले नाही. ग्वाल्हेर शिंद्यांना मिळाले ते १८०५ च्या अखेरीस, रिचर्ड परत गेल्यावर.

'पत' हा शब्द धरून ठेवा. वेलिंग्टनचे सगळे राजकारण या एका शब्दात मावते.

मराठवाड्यातली अजून एक गोष्ट सांगतो, म्हणजे चित्राची दुसरी बाजूही दिसेल. तह झाले, फौजा मोडल्या. शिपाई बेकार झाले. त्यांच्या टोळ्या निजामाच्या मुलखात लूट करू लागल्या. फेब्रुवारी १८०४ च्या सुरुवातीला वेलस्लीने परांड्याच्या बाजूला अशा एका मोठ्या टोळीवर झडप घातली. सुमारे साठ मैलांची कूच. पुढे तो या कुचीविषयी अभिमानाने बोलत असे. तिथल्या रयतेला टोळीपासून सुटका मिळाली, हे खरे. पण ती टोळी आली कुठून? तहांनी ज्यांची भाकर काढून घेतली त्यांतून आली. हा दुसरा प्रश्न वेलस्लीच्या मनात आल्याचे दिसत नाही. त्याच्या हिशेबात राजे होते, सरदार होते, रयतही होती, पण ती कर देणारी आणि धान्य विकणारी म्हणून होती. आपल्या भवितव्यावर बोलण्याचा हक्क असलेली माणसे म्हणून नव्हती.

१८०५ साली तो चाळीस हजारांवर पौंड गाठीला बांधून मायदेशी गेला. आता आपण त्याच्या मागोमाग युरोपात जाऊ.

दहा वर्षांनंतरचा जून महिना, १८१५. वॉटर्लू झाले. फ्रान्सने वीस-बावीस वर्षे सगळ्या युरोपला रडवले होते. प्रशियाचा सेनापती ब्लूखर म्हणत होता, नेपोलियन हाती लागला तर गोळी घालू. पॅरिसमधला येनाचा पूल बारुदाने उडवू, कारण त्याला प्रशियाच्या पराभवाचे नाव दिले आहे. जर्मन राज्यांना अल्सास-लोरेन हवे होते. वेलिंग्टनने तिन्ही गोष्टींना विरोध केला. नेपोलियनला मारण्यात भागीदार व्हायला तो तयार नव्हता. पूल उडवू दिला नाही. आणि ऑगस्ट १८१५ मध्ये त्याने परराष्ट्रमंत्री कॅसलरे याला लिहून कळवले की फ्रान्सचे मोठे लचके तोडले तर तहानंतरही युद्ध संपणार नाही. फ्रान्स ते परत घेण्याच्या संधीची वाट बघत राहील, आणि आपण सगळे हत्यार उशाशी घेऊन झोपू. त्यापेक्षा काही काळ फौज ठेवा, खंडणी घ्या, आणि मग निघा.

२० नोव्हेंबर १८१५ चा पॅरिसचा तह बराचसा या धर्तीवर झाला. सत्तर कोटी फ्रँकची भरपाई, दीड लाख फौज जास्तीत जास्त पाच वर्षे, सरहद्दीवरचे थोडे तुकडे. त्या फौजेचा सेनापती वेलिंग्टनच. फेब्रुवारी १८१८ मध्ये पॅरिसमध्ये त्याच्यावर गोळी झाडली गेली. पुढे सेंट हेलेनावर नेपोलियनने मृत्युपत्रात त्या गोळी झाडणाऱ्याला दहा हजार फ्रँक ठेवले, अशी गंमत आहे. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बघा, हे लोक सुधारायचे नाहीत, फौज वाढवा. वेलिंग्टनने त्याच वर्षी शरदात आखेनच्या परिषदेत फौज काढून घ्यायला पाठिंबा दिला. पाचाची मुदत तीनातच संपली. फ्रान्स पुन्हा मोठ्या राष्ट्रांच्या पंगतीत बसला. यानंतर शतकभर युरोपात लढाया झाल्या, पण सगळे खंड पेटवणारे युद्ध झाले नाही. याचे श्रेय एकट्या माणसाला देणे चूक. पण १९१९ साली व्हर्सायला जर्मनीला जे वागवले गेले त्याच्याशी हे ताडून पाहा. फरक डोळ्यांत भरतो.

आता आपल्या लक्षात आले असेल. ग्वाल्हेरच्या पत्रात जो विचार आहे तोच पॅरिसमध्ये मोठा होऊन आला. जिंकलेल्याने हात आखडता घ्यायचा, म्हणजे हरलेल्याला तह पाळावासा वाटतो. दख्खनमध्ये तो भावाच्या हाताखालचा अधिकारी होता, त्याचे चालले नाही. युरोपात त्याचे चालले. हा धडा तो इथे शिकला, असे इंग्रज चरित्रकार फारसे सांगत नाहीत. आपण सांगायला हरकत नाही.

पण थांबा. त्याच १८१५ साली मार्शल नेचे प्रकरण झाले. ३ जुलैला पॅरिस शरण आले त्या करारात बाराव्या कलमात म्हटले होते की शहरातल्या कोणालाही त्याच्या आधीच्या वागण्याबद्दल वा मतांबद्दल त्रास दिला जाणार नाही. ने हा नेपोलियनचा शूर सेनापती. बूर्बाँ राजाने त्याच्यावर खटला भरला. नेची बायको वेलिंग्टनकडे आली की करार पाळा. वेलिंग्टनने उत्तर दिले, तो करार सैन्या-सैन्यांतला होता, फ्रान्सच्या राजावर तो बंधनकारक नाही. ७ डिसेंबरला नेला गोळ्या घातल्या.

बघा आता. ग्वाल्हेरच्या वेळी हा माणूस म्हणतो, कलमाचा कीस काढू नका, समोरच्याने काय समजून सही केली ते पाहा. नेच्या वेळी हाच माणूस कलमाचा कीस काढतो. का? कारण ग्वाल्हेरमध्ये पणाला लागली होती ती स्वतःची पत. नेच्या वेळी सांभाळायची होती ती नुकतीच बसवलेली राजसत्ता, आणि ने एकटा होता, हरलेला होता, पुन्हा उठणार नव्हता. फ्रान्स पुन्हा उठणार होता. शिंदेही उठू शकत होते. ने उठणार नव्हता.

इमॅन्युएल कांटने एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. तो लहान पोरालाही जास्त भाव लावत नाही. प्रामाणिक आहे खरा. पण प्रामाणिकपणा हे कर्तव्य म्हणून, की गिऱ्हाईक टिकावे म्हणून? वागणे एकच दिसते. ओळखायचे कधी? जेव्हा प्रामाणिकपणाचा काहीच फायदा नसतो तेव्हा. त्या कसोटीवर वेलिंग्टनचा शब्दाचा पक्केपणा बऱ्याच अंशी दुकानदाराचा ठरतो. सलाबतखानाचे पोर हा अपवाद. म्हणून आम्ही त्याला नुसता हिशेबी म्हणणार नाही. खाजगीत तो दयाळू होऊ शकत होता. राजकारणात त्याची दया पतीच्या मागून चालत असे.

आता पंतप्रधानपद. जानेवारी १८२८ ते नोव्हेंबर १८३०, आणि पुढे १८३४ मध्ये काही आठवडे. या काळात युरोपातले तीन प्रश्न आले.

ग्रीस. ऑक्टोबर १८२७ मध्ये नवारिनोच्या बंदरात इंग्रज, फ्रेंच, रशियन आरमारांनी तुर्की-मिसरी आरमार बुडवले. ग्रीक आनंदले. वेलिंग्टन सत्तेवर येताच राजाच्या भाषणात त्या लढाईबद्दल खेद वाटावा असे शब्द आले. त्याला भीती होती ती तुर्की मोडण्याची आणि रशिया पुढे सरकण्याची. ग्रीस होऊ द्यायचा तर लहानात लहान, ही त्याची भूमिका. १८३० च्या फेब्रुवारीत लंडनच्या ठरावाने ग्रीस स्वतंत्र झाला, पण वेलिंग्टनच्या ओढीने नव्हे.

फ्रान्स. जुलै १८३० मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली, बूर्बाँ पळाले. म्हणजे वेलिंग्टनने १८१५ साली बसवलेली घडी मोडली. त्याने काय केले? काही आठवड्यांतच नव्या राजाला, लुई फिलिपला, मान्यता दिली. आवडला नाही, पण युद्धही केले नाही.

बेल्जियम. ऑगस्टमध्ये बेल्जियन लोक डच राजाविरुद्ध उठले. ते जोडराज्यही १८१५ चेच, फ्रान्सला अडवायला बांधलेले, आणि त्याच्या किल्ल्यांवर वेलिंग्टनची स्वतःची देखरेख होती. तरी त्याने फौज पाठवली नाही, लंडनला परिषद बोलावली. पुढे ती दुसऱ्यांनी पार पाडली, पण दार त्याने उघडले.

घरातही तसेच. आयर्लंडच्या कॅथलिकांना पार्लमेंटात बसू द्यायला त्याचा विरोध होता. पण यादवी होईल असे दिसताच १८२९ साली त्यानेच कायदा करून दिला. राजा रुसला, पक्ष फुटला, एका सरदाराशी द्वंद्व लढावे लागले. मात्र मताधिकार वाढवण्याचा प्रश्न आला तेव्हा, २ नोव्हेंबर १८३० रोजी, त्याने सांगितले की आहे ती व्यवस्था उत्तम आहे, बदल नको. पंधरवड्यात सरकार पडले.

या सगळ्याला एक सूत्र आहे. ज्याच्याशी युद्ध होऊ शकते त्याचे तो ऐकतो. ज्याला फक्त न्याय मागता येतो, त्याचे त्याला ऐकू येत नाही. आयरिश कॅथलिकांचे ऐकू आले, कारण यादवी दिसली. मत नसलेल्या इंग्रज कामगाराचे ऐकू आले नाही. फ्रान्सला पंगतीत जागा दिली. हिंदुस्थानला द्यायची असते, हे मनातही आले नाही. असईला ज्या गोलंदाजांचे शौर्य त्याने डोळ्यांनी पाहिले, त्यांच्या देशालाही नाही.

मग निवाडा काय? आम्ही राज्यकर्त्याला तीन प्रश्न विचारतो. जिंकल्यावर हरलेल्याशी कसा वागला? स्वतःचे नुकसान होत असताना शब्द पाळला का? आणि त्याच्या हिशेबात कोण कोण माणूस म्हणून धरले गेले? पहिल्या प्रश्नात वेलिंग्टन आपल्या काळातल्या बहुतेकांच्या पुढे आहे, आणि खर्ड्यानंतरच्या आपल्या पुणे दरबाराच्याही पुढे आहे. हे म्हणताना जीभ अडखळते, पण म्हटले पाहिजे. दुसऱ्यात तो बऱ्यापैकी उतरतो, नेला वगळून. तिसऱ्यात तो नापास होतो. त्याच्या युरोपच्या राजकारणाचे यश आणि आपल्याकडच्या त्याच्या कामाचा अन्याय, दोन्हींचे मूळ एकच. शांतता ही बलवानांनी बलवानांशी करायची गोष्ट आहे, असे तो मानत होता.

हे दोनशे वर्षांपूर्वीचे झाले, असे म्हणून उठू नका. आपल्या जिल्ह्यात ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत निवडणुका होतात. निकालाच्या दुसऱ्या दिवशी काय होते ते आपण बघतो. ज्या वस्तीने मत दिले नाही तिचा रस्ता, तिच्या पाण्याचा टँकर, तिच्या पोरांच्या दाखल्यावरची सही. पुढच्या वेळी जिचे शंभर मतांचे वजन पडणार आहे त्या वस्तीशी गोडीने बोलायचे, हे वेलिंग्टनचे राजकारण झाले. तेही आपल्याकडे सगळ्यांना जमत नाही. पण जिथे दहाच घरे आहेत, जी कधीच कोणाला निवडून आणू शकणार नाहीत किंवा पाडू शकणार नाहीत, तिथे टँकर वेळेवर गेला का, हे विचारायला आपण शिकलो पाहिजे. नेते तोलायचे तर तिथे तोलावेत.

एवढे बोलून आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. राम कृष्ण हरी.